पुढची चाके का थरथरतात? निमित्त, कारण आणि शंभर वर्षांचा शोध

१/
अमेरिकेतील एका महामार्गावर एक पिकअप ट्रक ताशी ९० किलोमीटर वेगाने चालला आहे. रस्ता सरळ आहे, हवा स्वच्छ आहे. पुलाच्या तोंडाशी असलेल्या सांध्यावरून पुढचे उजवे चाक जाते, लहानसा दणका बसतो आणि पुढच्याच क्षणी स्टिअरिंग चालकाच्या हातून निसटू पाहते. पुढची दोन्ही चाके सेकंदाला कित्येक वेळा डावी-उजवीकडे झटके देऊ लागतात. डॅशबोर्ड, आरसे, सारी केबिन हादरते. वेग पुष्कळ उतरल्यावरच ही थरथर शमते. त्यानंतर गाडी अशी चालू लागते, की जणू काही घडलेच नव्हते.

२/
तिकडचे चालक या प्रकाराला ‘डेथ वॉबल’ म्हणतात. नाव अलीकडचे आणि भयकारी आहे. दुखणे मात्र जुने आहे. अभियंत्यांच्या भाषेत त्याचे नाव ‘शिमी’. १९२० च्या दशकात या थरथरीने मोटार उद्योगाला इतके हैराण केले, की अखेरीस मोटारीचा पुढचा भागच नव्याने घडवावा लागला. त्या शोधाचा इतिहास आणि त्यातून मिळणारी निदानाची रीत, असा या धाग्याचा विषय आहे.

३/
इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात प्रत्येक उठावाची कारणे दोन मथळ्यांखाली येतात: तात्कालिक कारण आणि मूळ कारणे. १८५७ ची काडतुसे आणि १९१४ मधील साराजेव्होची गोळी ही तात्कालिक कारणे. केवळ तेवढ्यावर थांबणाऱ्या उत्तराला पूर्ण गुण मिळत नाहीत. पुलावरचा सांधा हे ट्रकचे साराजेव्हो होय. त्याच सांध्यावरून त्या दिवशी शेकडो गाड्या गेल्या आणि त्यांना काहीही झाले नाही. मग याच गाडीत असे काय साचले होते?

४/
आरंभ घोडागाडीपासून करावा लागतो. जुन्या बग्गीत पुढची दोन्ही चाके एका आडव्या आसावर असत आणि वळताना तो संपूर्ण आस मध्यावरच्या खिळीभोवती फिरे. म्युनिकचा गाडीकार गेओर्ग लांकेन्स्पेर्गर याने वेगळी युक्ती काढली: आस स्थिर ठेवायचा आणि त्याच्या दोन्ही टोकांना चाके स्वतंत्र खिळींवर वळवायची. १८१८ मध्ये रुडॉल्फ आकरमान याने इंग्लंडमध्ये या युक्तीचे पेटंट घेतले. आजही स्टिअरिंगची ही भूमिती आकरमानच्याच नावाने ओळखली जाते.

५/
मोटारगाडीने हा वारसा जवळजवळ जसाच्या तसा उचलला. पुढे एक भक्कम आडवा आस, त्याच्या टोकांना ‘किंगपिन’ म्हणजे वळणाच्या खिळी आणि आसाला चौकटीशी जोडणारे पोलादी पाटे. दोन्ही चाकांना जोडणारा एक दांडा असे. तोच आजचा टाय रॉड. रचना स्वस्त, मजबूत आणि गावच्या लोहारालाही समजेल इतकी सोपी होती. टायर अरुंद आणि हवेने टणक भरलेले असत, पाटे कडक असत आणि वेग बेताचा असे. त्यामुळे या रचनेतील दोष दीर्घकाळ झाकलेला राहिला.

६/
तो उघडा पाडला सुधारणांनी. १९२३ मध्ये फायरस्टोन कंपनीने ‘बलून’ टायर बाजारात आणला. त्यात हवेचा दाब आधीच्या टायरपेक्षा पुष्कळ कमी आणि टायरची रुंदी जास्त. प्रवास एकाएकी मऊ झाला आणि काही वर्षांतच हे टायर सर्वत्र दिसू लागले. मात्र मऊ टायर आडव्या दिशेनेही लवचीक असतो. रस्त्याला टेकलेला त्याचा भाग एकीकडे आणि चाकाची धाव दुसरीकडे, असे त्याला सहज घडते. चाकाच्या डोलण्याला त्यामुळे मोकळीक मिळाली.

७/
त्याच सुमारास पुढच्या चाकांनाही ब्रेक बसू लागले. तोपर्यंत बहुतेक अमेरिकी गाड्यांचे ब्रेक केवळ मागच्या चाकांवर असत. चारही चाकांच्या ब्रेकमुळे गाडी कमी अंतरात थांबू लागली आणि असंख्य जीव वाचले असतील, यात शंका नाही. परंतु ब्रेकच्या ड्रममुळे पुढच्या आसाच्या टोकांना वजन वाढले. शिवाय ब्रेक दाबताच आस पाट्यांना पीळ देई आणि किंगपिनचा ठरवलेला कल क्षणभर बिघडे. आरामाची एक सुधारणा आणि सुरक्षिततेची एक सुधारणा, या दोहोंच्या संयोगातून नवे संकट जन्माला आले.

८/
‘शिमी’ हे नावही त्याच काळाची खूण आहे. पहिल्या महायुद्धानंतरच्या अमेरिकेत खांदे थरथरवत नाचण्याचा शिमी नावाचा प्रकार लोकप्रिय होता. थरथरणाऱ्या चाकांना तेच नाव चिकटले. पुढचा आस डाव्या-उजव्या टोकांनी आळीपाळीने वर-खाली उसळू लागला, की त्याला ‘ट्रॅम्प’ म्हणत. प्रारंभीचे उपाय नावांइतकेच वरवरचे होते: टायरमध्ये हवा वाढवणे, चाकांचे संतुलन करणे, स्टिअरिंग घट्ट आवळणे, सांध्यांत घर्षण वाढवणे. आराम पडे, पण काही हजार किलोमीटरनंतर सांधे झिजत आणि थरथर परते.

९/
मूळ कारण समजण्यासाठी सायकलचे एक सुटे चाक पुरेसे आहे. त्याचा आस दोन्ही हातांत धरून चाक जोरात फिरवावे आणि मग आस एका बाजूला कलता करून पाहावा. चाक कलण्याऐवजी वळू पाहते. वळवायला जावे तर कलू पाहते. फिरत्या वस्तूचा हा भोवऱ्याचा गुणधर्म. आता दोन चाके एकाच आडव्या आसावर आहेत, अशी कल्पना करावी. उजवे चाक खड्ड्यातून वर उसळले, की सारा आस कलतो आणि त्याच्यासह दोन्ही चाके कलतात. कलली, म्हणून वळू पाहतात. वळली, म्हणून आसाला उलट बाजूला कलवू पाहतात.

१०/
अशा रीतीने ट्रॅम्प शिमीला आणि शिमी ट्रॅम्पला चेतवत राहते. या चक्राला ऊर्जा कोठून मिळते? सारंगीवर गज फिरतो, तेव्हा गजाची ओढ एकाच दिशेची असते, तरी तार पुढे-मागे कंप पावते. सलग ओढीतून कंप उत्पन्न होतो. गाडीचेही तसेच आहे: तिची पुढची धाव हा गज आणि पुढची चाके ही तार. म्हणून पहिला दणका संपला तरी थरथर थांबत नाही; गाडी धावत आहे तोवर तिला खाद्य मिळत राहते. वेग उतरला, की गज थांबतो.

११/
या प्रश्नाला गणिताची बैठक देणाऱ्यांत फ्रान्समधील अभियंते अग्रभागी होते. १९२५ मध्ये ब्रुलिए याने शिमीवर विवेचन करताना एक महत्त्वाची गोष्ट मांडली: लवचीक टायरची तोंड असलेली दिशा आणि त्याची प्रत्यक्ष धाव यांत कोन पडतो. आज वाहनशास्त्राचा विद्यार्थी ज्याला ‘स्लिप अँगल’ म्हणतो, ती कल्पना या थरथरीच्या शोधातून पुढे आली. त्याच दशकात सेन्सो द लाव्हो यानेही शिमी आणि ट्रॅम्प यांचा सिद्धान्त मांडला. गाडी रस्त्याला कशी धरते, या संपूर्ण शास्त्राची एक मुळी अशी एका व्याधीत रुजलेली आहे.

१२/
अमेरिकेत हा धागा मॉरिस ऑली या ब्रिटिश अभियंत्याच्या हाती आला. रोल्स-रॉइसमध्ये अनुभव घेतलेला ऑली १९३० मध्ये जनरल मोटर्सच्या कॅडिलॅक विभागात दाखल झाला. त्याच्यापुढचा प्रश्न शिमीचा नव्हता. गाडीत बसणाऱ्याला प्रवास सुखाचा का वाटतो आणि का वाटत नाही, हे त्याला शोधायचे होते. त्या काळी सुखाचे माप घेणारे उपकरण नव्हते. म्हणून १९३२ मध्ये त्याने एका मोठ्या लिमोझिनच्या पुढे-मागे सरकवता येणारी वजने लावली, पाट्यांची ताठरता बदलत नेली आणि माणसांना प्रत्यक्ष बसवून पाहिले.

१३/
निष्कर्ष रूढ समजुतीच्या उलट निघाला. तोवरच्या गाड्यांत पुढचे पाटे मागच्यांपेक्षा कडक असत. ऑलीला आढळले, की पुढची स्प्रिंग मागच्यापेक्षा मऊ असेल तर गाडी डुलत नाही, सपाट चालते. परंतु आडव्या आसावर मऊ स्प्रिंग बसवणे म्हणजे शिमीला आमंत्रण देणे. कडक पाटे ही प्रवाशांची शिक्षा होती आणि तीच थरथरीवरची वेसणही होती. सुख हवे असेल तर दोन्ही चाकांना जोडणारा आसच काढून टाकावा लागणार होता.

१४/
कल्पना अगदीच नवी नव्हती. फ्रान्समध्ये आमेदे बोले याच्या १८७३ च्या वाफेच्या गाडीत आणि इटलीत १९२२ च्या लान्सिया लाम्ब्दात पुढची चाके स्वतंत्रपणे टांगलेली होती. ऑलीच्या गटाने दोन प्रायोगिक कॅडिलॅक तयार केल्या: एकीत फ्रान्सच्या द्युबोने याची पद्धत, दुसरीत लहान-मोठ्या दोन बाहूंची ‘विशबोन’ रचना. मार्च १९३३ मध्ये कंपनीचे प्रमुख आल्फ्रेड स्लोन आणि तांत्रिक समितीचे सदस्य त्या गाड्यांत बसले. मंदी ऐन भरात होती, खर्च प्रचंड होता. तरीही निर्णय झाला. १९३४ च्या मॉडेलांत स्वतंत्र पुढची टांगणी अवतरली.

१५/
या निर्णयातही इतिहासाची गंमत आहे. कॅडिलॅक, ब्यूक आणि ओल्ड्समोबिल यांना विशबोन मिळाली, तर शेव्हरोले आणि पॉन्टिअ‍ॅक यांना द्युबोनेची पद्धत. याचे एक कारण कारखान्यातील यंत्रांत दडलेले होते: शेव्हरोलेच्या प्रचंड संख्येला पुरेल इतकी स्प्रिंगची तार घासून देणारी यंत्रेच तेव्हा देशात पुरेशी नव्हती. द्युबोनेची पद्धत त्या गाड्यांत काही वर्षेच टिकली. विशबोन दीर्घकाळ राहिली. हेन्री फोर्डच्या कंपनीने मात्र आडवा आस १९४८ पर्यंत सोडला नाही. तिच्या मोटारींत स्वतंत्र टांगणी आली ती १९४९ च्या मॉडेलात.

१६/
शिमी यामुळे जगातून नाहीशी झाली, असे नाही. विमानाच्या एकट्या चाकालाही ती ग्रासत असे. तेथे दोन टोकांचा आस नसतानाही केवळ टायरची लवचीकता आणि चाकामागची ओढ एवढ्यावर थरथर उभी राहते. १९४१ मध्ये जर्मनीतील फॉन श्लिपे आणि डीट्रिख यांनी टायरला ताणलेल्या दोरीसारखे मानून तिचे गणित मांडले. विशबोनने मोटारीपुरते केले ते एवढेच: एका चाकाची उसळी दुसऱ्यापर्यंत पोहोचवणारा पूल काढून टाकला.

१७/
ट्रकांनी मात्र तो पूल जपला. ओझे वाहणाऱ्या गाडीला मजबुती हवी, दुरुस्ती सोपी हवी, खडकाळ वाटेवर टिकाव हवा. शेव्हरोलेच्या पिकअपला १९६० मध्ये आणि फोर्डच्या पिकअपला १९६५ मध्ये स्वतंत्र पुढची टांगणी मिळाली. पण चारही चाकांना शक्ती देणाऱ्या अवजड पिकअपांत भरीव आस टिकून राहिला. १९४१ ची विलीज जीप याच कुळातली. स्वातंत्र्याच्या आसपासच्या वर्षांत महिंद्र कंपनीने मुंबईत तिची जोडणी सुरू केली आणि भरीव पुढच्या आसाची ही गाडी महाराष्ट्राच्या घाटवाटांवर ओळखीची झाली. जीर्ण जीपचे स्टिअरिंग थरथरले, की किंगपिन आणि टाय रॉड आधी तपासायचे, हे जुन्या मिस्त्रींना अनुभवाने ठाऊक असे.

१८/
पुढचा बदल पुन्हा आरामासाठी झाला. १९९४ च्या डॉज रॅममध्ये आणि २००५ च्या फोर्ड सुपर ड्यूटीत, चारही चाकांना शक्ती देणाऱ्या मॉडेलांना, पुढे पाट्यांऐवजी गोल स्प्रिंगा आल्या. पाटा ओझे पेलतो आणि आसाला जागेवर धरूनही ठेवतो. गोल स्प्रिंग फक्त ओझे पेलते. म्हणून आस आडवा सरकू नये यासाठी त्याला चौकटीशी बांधणारा एक तिरका दांडा लागतो: ट्रॅक बार, अर्थात पॅनहार्ड रॉड. स्टिअरिंगची पेटी चौकटीवर आणि चाके आसावर असतात. या दांड्याचा बुश झिजला, की आस आडवा सरकतो आणि प्रत्येक सरकण्यासरशी स्टिअरिंग आपोआप वळवले जाते. १९२० चे चक्र नव्या दाराने परत येते.

१९/
म्हणून निदानाचा आरंभ ट्रॅक बारपासून होतो. गाडी चारही चाकांवर उभी असावी, कारण जॅकवर उचलली की सांध्यांवरचा भार जातो आणि खेळ लपतो. इंजिन चालू, हँडब्रेक ओढलेला, चाकांना अटकाव लावलेला. एकाने स्टिअरिंग थोडे डावीकडे, थोडे उजवीकडे, सतत हलवत राहावे. दुसऱ्याने बाजूला सुरक्षित बसून एकेका सांध्याकडे पाहावे. दांडा हलण्याआधी बोल्ट हलतो का? बुशात फट दिसते का? कित्येकदा दोष असा निघतो, की बोल्ट ढिला राहून त्याचे भोक लंबगोल झालेले असते. अशा भोकात नवा बोल्ट कितीही आवळला तरी टिकत नाही; ब्रॅकेटच दुरुस्त करावे किंवा बदलावे लागते.

२०/
त्याच तपासणीत टाय रॉडची टोके, ड्रॅग लिंक आणि स्टिअरिंग पेटीचे बोल्ट पाहून घ्यावेत. त्यानंतर गाडी स्टँडवर उचलून चाक वर-खाली धरून हलवावे, टायरखाली टॉमी घालून उचलून पाहावे: बॉल जॉइंट किंवा चाकाचे बेअरिंग झिजले असल्यास खेळ हाताला जाणवतो. आसाला पुढे-मागे धरणाऱ्या बाहूंचे रबरी बुश फाटलेले नाहीत ना, हेही पाहावे. पाट्यांच्या जुन्या गाडीत ट्रॅक बार बहुधा नसतो; तेथे पाट्यांचे बुश, शॅकल आणि किंगपिन यांना तोच मान मिळतो.

२१/
शेवटी टायर आणि कोन. असमान झिजलेला टायर, बिघडलेले संतुलन किंवा चुकीचा दाब हे बहुधा निमित्त पुरवतात. कोनांमध्ये महत्त्वाचा ‘कॅस्टर’, म्हणजे वळणाच्या खिळीचा मागे झुकलेला कल. सायकलचा पुढचा चिमटा तिरका असल्यामुळे चाक सरळ राहू पाहते, तेच काम हा कल करतो. अनेक हौशी मालक गाडी उंच करतात, मोठे टायर चढवतात. त्यात आस फिरतो आणि कल बदलतो. चाकांचे वजन वाढल्याने भोवऱ्याचा जोरही वाढतो. अशा गाडीला नवे बुश घालूनही भागत नाही. अलाइनमेंट करून कल पुन्हा कंपनीने सांगितलेल्या मापात आणावाच लागतो.

२२/
आता प्रत्येक दुकानात सुचवला जाणारा उपाय: स्टिअरिंग डॅम्पर. हा आडवा शॉक अ‍ॅबसॉर्बर चाकांचे झटके शोषून घेतो. तो उपयुक्त भाग आहे, काही वेळा तोच बिघडलेला असतो. २०१८ नंतरच्या काही जीप रँग्लर गाड्यांना कंपनीने २०१९ मध्ये नव्या रचनेचा डॅम्पर बसवून दिला होता. परंतु झिजलेल्या ट्रॅक बारवर नवा डॅम्पर चढवणे म्हणजे १९२० च्या दशकात सांधे आवळण्यासारखेच होय. थरथर दबते, झीज चालूच राहते आणि एके दिवशी डॅम्परही हरतो. तोवर मालकाचा गाडीवरचा विश्वास वाढलेला असतो, वेगही वाढलेला असतो. धोका याच टप्प्यावर सर्वाधिक असतो.

२३/
थरथर प्रत्यक्ष सुरू झालीच, तर चालकाने घाबरून ब्रेकवर उभे राहू नये. एकाएकी दाबलेला ब्रेक पुढच्या भागावर आणखी भार टाकतो. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलावा, स्टिअरिंग दोन्ही हातांनी पक्के धरावे पण अंगठे आत गुंतवू नयेत, झटक्यांशी झुंजण्याऐवजी गाडी आपल्या रेषेत राखावी, आणि मागची वाहतूक पाहत वेग उतरू द्यावा. गाडी कडेला घेतल्यावर, थरथर थांबली म्हणून पुन्हा त्याच वेगाने निघू नये. एका झटापटीत आधीच सैल असलेले सांधे आणखी सैल झालेले असतात.

२४/
शंभर वर्षांच्या या इतिहासात एक गोष्ट सतत दिसते. प्रत्येक पिढीला प्रथम एकच अपराधी हवा होता: कधी टायर, कधी ब्रेक, कधी रस्ता. त्यांपैकी कोणीही पूर्णतः निर्दोष नव्हता आणि कोणीही एकटा दोषी नव्हता. ऑलीला यश मिळाले, कारण त्याने एकेक भाग बदलत बसण्याऐवजी ते भाग परस्परांशी कसे बांधलेले आहेत, हे पाहिले. गॅरेजमध्येही तेच खरे ठरते. न तपासता एकामागून एक महागडे भाग बदलणारा मालक खर्चाच्या डोंगराखाली दबतो आणि थरथर कायम राहते.

२५/
पुलावरचा तो सांधा उद्याही तेथेच असेल, आणि सर्वांसाठी सारखाच असेल. त्याच्यावरून सुखरूप जाणाऱ्या आणि थरथरू लागणाऱ्या गाडीत फरक असतो तो काही मिलिमीटरच्या खेळाचा, न दिसणाऱ्या झिजेचा, कधीतरी अर्धवट आवळलेल्या एका बोल्टचा. तो शोधायला दोन माणसे, एक विजेरी, एक टॉमी आणि घाई नसलेला एक तास लागतो.